राईतलं गाऱ्हाणं

बसा, चहा टाकलाय. पण आधी एक कबूल करा, माझं सांगून होईपर्यंत कुणी हसायचं नाही. हसायचंच असेल तर शेवटी हसा, तिथं मलाही आवरत नाही. चौलात तर ही गोष्ट ठाऊक नाही असं माणूस उरलेलं नाही. रेवदंड्याच्या बाजारातल्या मासळीवाल्यासुद्धा मला बघून गालात हसतात. तेव्हा दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. मीठमसाला मीही लावते, पण घरचा.

मी मराठी चार इयत्ता शिकले. बाकीचं शिक्षण शेजाऱ्यांकडे बघून झालं. लोक म्हणतात, अक्काला चौकशा फार. आता मला सांगा, शेजाऱ्याच्या चुलीतून सकाळी धूर निघाला नाही तर विचारायला कोण येणार, अलिबागचा मामलेदार?

तर आमचे शेजारी विसूभावजी. पन्नाशीला आलेले, पोफळीसारखे उंच सडसडीत, नारळी-पोफळीची वाडी राखून असलेले गृहस्थ. त्यांची बायको यमुना माझी जिवाभावाची. दोन वाड्यांच्या मध्ये वई आहे, म्हणजे आपलं काट्याकुट्यांचं कुंपण. त्या वईला एक भोक आहे. कसं पडलं ते विचारू नका. माझ्या तोंडाएवढं आहे, एवढंच सांगते.

आणि गावामागं देवाची राई. तिथं कुऱ्हाड न्यायची नाही, वाळकी काटकी घरी आणायची नाही, पडलेलं पानसुद्धा तिथंच कुजू द्यायचं. राईच्या मधोमध जुना ऐनवृक्ष. त्याची साल बघितलीत तर मगरीची पाठ वाटेल. गावातले आठ-दहा गडी हात धरून उभे राहिले तरी कवेत येणार नाही. (बरं, चार गडी म्हणा. पण वाटतात आठ-दहा.) त्याच्यात राखणदार राहतो. रानाची राखण तो करतो, आणि रानाच्या आडोशानं आमचीही. भर दुपारी तो खाली उतरून राईतून फेरी मारतो, म्हणून त्या वेळी तिथं कुणी जात नाही. मी सून होऊन आले तेव्हापासून हे ऐकतेय आणि मला त्यात काही खोटं दिसत नाही.

त्या वर्षी देवळाच्या पंचांनी ठरवलं, दर उत्सवाला घालतो तो झावळांचा मांडव पुरे झाला, आता पक्का सभामंडप बांधायचा. पंचांचे मुख्य अण्णा खोत. त्यांनी तुळयांसाठी लाकूड हेरलं ते नेमकं राईतल्या ऐनाचं. देवाचं झाड देवाच्याच कामी येतंय, असं त्यांचं म्हणणं. चैत्रातला उत्सव झाला की दुसऱ्या दिवशी देवाला फुलं लावून कौल घ्यायचा. उजवं फूल पडलं की कुऱ्हाड. आणि अण्णांनी विचारलं की देव सहसा डावं पाडत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक.

बैठकीत विरोध केला तो एकट्या विसूभावजींनी. उठून म्हणाले, हे झाड आपल्या पणज्याच्या पणज्यानं पाहिलंय, त्याला तोडायला आपण कोण? कुणी ऐकलं नाही. घरी येऊन जेवले नाहीत, यमुनाच सांगत होती. तो माणूस त्या झाडावर सख्ख्या आजोबासारखा जीव लावून होता. आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटत होतं म्हणा, पण अण्णांपुढं बोलणार कोण?

त्यानंतर आठवडाभरात विसूभावजी बिघडले.

एके सकाळी मी वईतून सहज बघितलं. (सहजच हो.) भावजी परसात उभे. दोन्ही हात वर, बोटं वाकडी, डोळे उघडे, पापणी हलत नाही. मी भात वैरून आले, तसेच. निवडण निवडून आले, तसेच. एक साळुंकी येऊन त्यांच्या डोक्यावर बसली, पिसं साफ करून उडून गेली, तरी गृहस्थ तसाच.

मी हाक मारली, "भावजी, चहा घेणार का?"

उत्तर नाही. मी घरी गेले, चहा केला, आमच्या ह्यांना दिला, मी घेतला, भांडी विसळली. आणि तेव्हा वईपलीकडून खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला.

"घे…ई…न."

माझ्या हातून कप पडला असता, पण कप कानतुटका एकच आहे, म्हणून सांभाळला.

मग चालणं बदललं. पाय उचलेनात, फरपटू लागले, जसं काही जमिनीतून उपटून काढावे लागताहेत. यमुनेकडे जावं तर तिच्या ओटीवर काथ्याचा ढीग आणि पोफळीच्या सुकलेल्या विऱ्यांची, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद सालपटांची, चळत. विचारलं, हे कशाला गं? तर म्हणे, उशी करायचीय. विऱ्यांची उशी कुणी ऐकलीय? बरं, बोलताना नजर माझ्याकडे नाही, छपराकडे.

आणि मग मी ते पाहिलं. भावजी राईच्या वाटेनं येत होते आणि खांद्यावरच्या पोत्यातून ऐनाची साल डोकावत होती. राईतली साल! घरी!

एका क्षणात सगळं माझ्या ध्यानात आलं. ज्या माणसानं झाडासाठी पंचांशी भांडण घेतलं, त्यालाच काय बुद्धी झाली आणि त्यानं राईतली वस्तू उचलली. राखणदारानं धरलंन त्यांना. आता हळूहळू त्यांचं झाड होणार. आधी बोलणं जाईल, मग चालणं जाईल, आणि एक दिवस यमुना उठून बघते तर अंगणात ऐन उभा.

रात्रीच्या जेवणाला ह्यांच्या कानावर घातलं. हे देवळात तबला वाजवतात, बोलतात कमी. ताटातून मान वर न करता म्हणाले, "तू त्यात लक्ष घालू नकोस."

आता तुम्हीच सांगा. काही नसतं तर "काही नाही" म्हणाले असते. लक्ष घालू नकोस म्हणाले, म्हणजे आहे काहीतरी. आणि यमुना बिचारी लोकलाजेनं बोलत नाही. मग लक्ष कुणी घालायचं?

दुसऱ्या दिवशी पापड वाळत घातले आणि भर दुपारी, गाव आडवं झाल्यावर, मी निघाले. ओटीत विडा, हातात नारळ. राखणदाराला भेटायचं तर त्याच्याच वेळेला जायला हवं. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?

राईत शिरल्यावर उन्हाचा मागमूस नाही. सगळा हिरवा काळोख. पाचोळा पायाखाली दबतो पण वाजत नाही. आणि समोर तो ऐन. इतकी वर्षं बघतेय, पण त्याच्यासमोर उभं राहिलं की माणूस आपोआप डोईवरचा पदर सारखा करतो. त्या दिवशी त्याच्या बुंध्याला लागून आणखी एक बारकं खोड दिसलं. माणसाच्या उंचीचं, शेवाळलेलं, काथ्यासारखी मुळं लोंबणारं. हे पूर्वी होतं का, असं मनात आलं खरं. पण राखणदाराच्या दारात येऊन त्याच्या घरातल्या वस्तू मोजायच्या नसतात. वाटलं, मोठा देव आत आहे, हे त्याचं पुढचं दार. मी त्या बारक्या खोडासमोर बसले, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं.

गाऱ्हाणं कसं घालायचं ठाऊक आहे ना? काही लपवायचं नाही. देवाला सगळं दिसतंच, तेव्हा आपण चोरून ठेवलं तर त्याला राग येतो. मी काहीच चोरलं नाही.

"बा राखणदारा," मी म्हटलं, "विसूभावजींना सोड. तुझी साल त्यांनी उचललीन, चुकलं त्यांचं. तसे त्यांच्यात दोष आहेत, मी नाही म्हणत नाही. माझा अडकित्ता नेलेला दोन दिवाळ्या झाल्या, अजून परत नाही. भजन म्हणतात तेव्हा रहाटाचा बैल थांबतो. आमचे नारळ त्यांच्या बाजूला पडले की त्यांचे होतात. पण त्यांचे आमच्या बाजूला पडले की मीही उचलते, ते आमचं आम्ही बघू, तू त्यात पडू नकोस. पण माणूस सोन्याचा आहे. मला विषमज्वर झाला तेव्हा भर पावसात, खाडीला पूर असताना, हाच माणूस औषध घेऊन आला होता आणि दारातच ठेवून गेला, चहालासुद्धा थांबला नाही. त्यांचं झाड करू नकोस. कुणाला धरायचंच असेल तर मला… नको, मला नको, माझे पापड वाळत आहेत. ह्यांना नको, उत्सवात तबला कोण वाजवणार? धरायचं तर त्या अण्णा खोताला धर. खरी कुऱ्हाड तो घेऊन येतोय."

एवढ्यावर उठायला हवं होतं. पण तोंड सुरू झालं की माझं मलाच थांबवता येत नाही.

"आणि तुला एक सांगू?" मी म्हटलं. "तुला तोडू देऊ नकोस. मी नवी नवरी होऊन या गावात आले तेव्हा सासरच्या घरात रडायला जागा नव्हती. माजघरात सासूबाई, परसात जाऊबाई, विहिरीवर गाव. मग मी फुलं वाहायच्या निमित्तानं इथं यायची आणि तुझ्या बुंध्याला तोंड लावून रडायची. तुझी साल खरखरीत, गालाला टोचायची, पण आईच्या लुगड्यासारखी वाटायची. एकदा आले तर तिथं आधीच दुसरी कुणी रडत होती. मी मागं फिरले. गावातली प्रत्येक सून इथं रडून गेलीय, आणि तू एकीचंही दुसरीला सांगितलं नाहीस. माझ्याच्यानं हे जन्मात जमलं नसतं."

डोळे पुसून उघडले, तर खोडाच्या वरच्या अंगाला, दोन खाचा होत्या तिथून पाणी ओघळत होतं. मी हात जोडले, आणि नारळ फोडायला खाली दगड शोधू लागले. समोर एक मूळ बाहेर आलेलं दिसलं. म्हटलं, इथंच फोडू, त्याच्या अंगावर पडलेला त्याला पोचेल. नारळ उचलला आणि घातला जोरात.

फुटला नाही. मूळ जरा मऊच लागलं. पण आतून, अगदी आतून, आवाज आला.

"हं…"

हुंकार! राखणदारानं हुंकार भरला! माझं गाऱ्हाणं मान्य! नारळ तिथंच टाकला आणि मी पळत सुटले, ती थेट विहिरीवर. तिथं पाणी भरत होत्या त्यांना सांगितलं, राखणदार रडला आणि हं म्हणाला. पुढचं मला काही करावं लागलं नाही. दिवेलागणीपर्यंत राखणदार रडून रडून राईत तळं झालं होतं, आणि सकाळी शेजारच्या नागावहून बायका नारळ घेऊन आल्या. ऐनाच्या पायाशी नारळांचा ढीग. अण्णा खोत संतापले. म्हणाले, बायकांच्या बोलण्यावर देवळाची कामं थांबत नसतात, उत्सव होऊ दे, कौल लावतोच.

विसूभावजी मात्र त्याच दिवसापासून लंगडू लागले. मी यमुनेला धीर दिला. म्हटलं, घाबरू नकोस, मूळ सुटताना असं होतंच. ती पदर तोंडात कोंबून आत गेली. मला वाटलं, रडायला.

मग उत्सव आला. दरवर्षी आरतीनंतर गावातलीच मंडळी नाटक करतात. त्या वर्षी शाळेच्या तरुण मास्तरांनी स्वतः नाटक लिहिलं होतं. कोणता खेळ, कोण काय करणार, काही कळू दिलं नव्हतं. मला तर मुळीच नाही. नंतर समजलं की सगळ्या नटांना देवासमोर शपथ घातली होती, बायकोला सांगितलं तर चालेल, अक्काला नाही.

झावळांच्या मांडवात गॅसबत्त्या लागल्या. पुढं खुर्चीवर अण्णा खोत, त्यांच्या पायाशी सतरंजीवर त्यांची म्हातारी आई. मी आणि यमुना बायकांच्यात. पडदा वर गेला आणि मांडव गप्प झाला.

रंगभूमीवर झाड उभं होतं. झाड म्हणजे झाडच. साल, शेवाळ, लोंबणाऱ्या पारंब्या. त्याचं नाव रानआजा. म्हणे, जग नवं होतं तेव्हापासून रान राखत उभा आहे. शंभर वर्षांत एक पाऊल टाकतो, एका पावसाळ्यात एक शब्द बोलतो. त्याच्या अंगाखांद्यावर पाखरं वाढतात आणि त्याला माणसांची आयुष्यं काजव्यांसारखी लुकलुकताना दिसतात. काय सांगू, अंगावर काटा आला. तो हलत नव्हता, पण नजर त्याच्यावरून हलत नव्हती. आत माणूस आहे हे विसरायला झालं. मी यमुनेला म्हटलं, असा नट मुंबईच्या कंपनीतसुद्धा नसेल. तिनं नुसती मान हलवली, पण तिच्या डोळ्यांत केवढा अभिमान होता! मला वाटलं, हिला काय झालं?

मग राजा येतो, त्याला महालासाठी लाकूड हवं असतं, असं सगळं. आणि मग एक बाई येते. मास्तरांनीच लुगडं नेसून काम केलं होतं. हातात नारळ, तोंड एकसारखं सुरू. "पापड वाळत आहेत" म्हणते आणि राखणदाराशी गप्पा मारायला बसते. चालणं काय, पदर सावरणं काय, बोलताना हात उडवणं काय! मांडव हसून लोळायला लागला. मीच सगळ्यांत जास्त हसले. पोट धरून हसले.

यमुनेला कोपर मारून म्हटलं, "कोण गं ही भवानी? मास्तरांनी कुठून शोधून काढली? अशा बायका असतात गं खरंच."

यमुनेनं माझा हात दाबला. मग माझ्या लक्षात आलं की अर्धा मांडव नाटकाकडे बघत नाहीये. माझ्याकडे बघतोय.

आणि तेवढ्यात मास्तर म्हणाले, "बा राखणदारा, माझा अडकित्ता नेलेला दोन दिवाळ्या झाल्या."

माझं हसू तोंडातच राहिलं. बाकी सगळी नावं मास्तरांनी बदलली होती हो. अण्णा खोतांचा राजा केला, भावजींचा लाकूडतोड्या केला. अडकित्त्याचं तेवढं काही बदललं नाही.

बाईनं नारळ वर उचलला. आणि पहिल्यापासून पापणीसुद्धा न हललेल्या रानआजानं, शंभर वर्षांत एक पाऊल टाकणाऱ्या त्या रानआजानं, टुणकन पाय मागं घेतला.

मांडव कोसळायचा बाकी राहिला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. जावं म्हणून उठले, तर यमुनेनं हात धरून बसवलं. "अक्का, थांबा," ती म्हणाली, "पुढचं ऐका."

मास्तरांनी आवाज खाली आणला. आणि बोलले ते माझेच शब्द. सासरी रडायला जागा नव्हती. फुलांचं निमित्त. गालाला टोचणारी साल. हसणं विरत विरत गेलं. बायकांच्या बाजूला तर एवढी शांतता, की गॅसबत्तीची फुरफुर ऐकू येत होती. मी आजूबाजूला पाहिलं. एकेकीचा पदर डोळ्याला. ज्या मला विहिरीवर कधी एक गोष्ट सांगत नाहीत, त्यांच्या तोंडावर सगळं लिहिलेलं.

पडदा पडला तरी कुणी उठेना. मग पुढून अण्णांच्या आईचा आवाज आला. म्हातारी फार बोलत नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "त्या झाडाला हात लावायचा तर आधी मला विचार. तुझ्या बापाच्या घरात मलाही रडायला दुसरी जागा नव्हती."

अण्णा खोतांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी कौल लावायला सगळे जमले, तर ते म्हणाले, कौल कालच मिळालाय, घरी जा. सभामंडपाच्या तुळया पुढं बाहेरून आल्या. ऐन अजून उभा आहे. चहा झाल्यावर दाखवते हवं तर.

सकाळी वईच्या भोकातून एक हात आत आला. हातात अडकित्ता. पलीकडे विसूभावजी, पायाला हळदीचा लेप. मी मान खाली घालून म्हटलं, भावजी, चुकलं हो माझं, पण तुम्ही मला थांबवायचं तरी होतंत. एक शब्द बोलायचा होतात.

"वहिनी," ते म्हणाले, "मास्तरांनी सांगितलं होतं, ऐनाशेजारी उभं राहून त्याच्याकडून उभं राहणं शिका. काही झालं तरी हलायचं नाही. तेवढ्यात तुम्ही आलात. आधी हसू आलं, ते गिळलं. मग ते औषधाचं काढलंत, तेही गिळलं. पण रडण्याचं बोललात तेव्हा नाही हो आवरलं." मग पायाकडे बघून म्हणाले, "आणि नारळाच्या वेळी तर मी सरळ ओरडणार होतो. पण म्हटलं, माझ्याहून जड घाव त्या ऐनावर येणार आहे, आणि तो कुठं ओरडतोय? म्हणून नुसतं हं केलं."

आता अशा माणसाला काय म्हणावं? मी वईवरून चहा दिला. कानतुटक्या कपातूनच, पण पहिल्या धारेच्या दुधाचा.

तर असं झालं. नाटकापासून ऐनाचं प्रस्थ फार वाढलंय. सासुरवाशिणी येतात, नारळ ठेवतात, मनातलं बोलतात. बोलायच्या आधी जी ती झाडाला एक प्रदक्षिणा घालते. बाहेरगावच्या लोकांना वाटतं, काय भक्ती आहे या गावाची.

भक्ती कसली हो. झाडामागं मी उभी नाही ना, ते बघून घेतात.